कणसरीची पाच कणसं आणि शेऱ्याचा रकाना

ये गं बाय, जरा जवळ ये. कागदावरून जवळ कशी येऊ म्हणशील, तर हा कागद नाकाशी धर आणि वाच, म्हणजे माझा आवाज नीट येईल. आणि तोंड पाडू नकोस. रागावणार आहे, पण थोडीच. परवा एसटी चुकेल म्हणून धावत सुटलीस आणि माझ्या ओट्यावर मातीच्या सात पिशव्या टाकून गेलीस. म्हणे, "आजी, सांभाळ, कॉलेजच्या कामाच्या आहेत." सांभाळते की! पण एका तरी पिशवीवर चिठ्ठी? कुठल्या वावरातली माती, वरची की खालची, कधी उकरली, कोणी उकरली, काही नाही. सातही लाल. एकीवर कोंबडी बसायला लागली आहे. आता तीच तिची खूण.

शिकलेली पोर तू, माझ्या भाचीची लेक, शेतकी कॉलेजात जातेस. मी शाळा बघितली ती दुसरीपर्यंत. पुढचं माझं वाचन एसटीच्या पाट्यांवर झालं, रेशन दुकानाच्या फळ्यावर झालं आणि लेकाच्या पुस्तकांवर झालं. तो पुढे मास्तर झाला, पण त्याची पाचवीची पुस्तकं त्याच्या आधी मी वाचून संपवली होती, हे तो अजून कबूल करत नाही. तर अशा बाईने तुला लिहायला शिकवायचं म्हणजे उलटाच कारभार. तरी सांगते, कारण एक ओळ लिहायची राहिली म्हणून आमच्या आईची नागली, तुमच्या पुस्तकातली नाचणी, हातची जाणार होती. ही गोष्ट तुला घरात कोणी सांगितली नसेल. मी तोंड उघडलं की सगळ्यांना कामं आठवतात. तू लांब आहेस, तुला कागद टाकून पळता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका कॉलेजातून एक पोरगी आमच्या जामसरला आली. वय पंचवीस-सव्वीस. पाड्यात सगळे तिला मॅडम म्हणू लागले, मग मीही मॅडमच म्हणायला लागले. ती मला आजी म्हणायची. पहिल्या दिवशी वावरात उतरली ती बूट घालून, दुसऱ्या दिवशी अनवाणी. मला तेव्हाच आवडली.

तिचं काम असं होतं. आपल्या डोंगरातले नागलीचे जे जुने वाण उरलेत, त्यांतले सहा तिने निवडले. माझ्या माळावरच्या तुकड्यात सहा सारखे वाफे पाडले, अंगणाएवढे एकेक, आणि एका वाफ्यात एक वाण. तेच सहा वाण तसेच पोशेऱ्यात, माझ्या धाकट्या बहिणीच्या वावरात. दोघींनी तीन वर्षं लावायचे, कापायचे, झोडून वाळवून तोलायचे आणि वहीत लिहायचं. मग तिचे सर सगळे आकडे बघून यादी करणार. यादीत आलेल्या वाणाचं बियाणं त्यांच्याकडे थंड कपाटात जपून राहणार आणि दरसाल पाड्यापाड्यांतल्या बायकांना लावायला मिळणार. यादीतून गेलेला वाण गेला.

तीन नंबरचा वाफा आमच्या आईच्या नागलीचा. हळवी ती. बाकीच्या नागल्या हिरव्यागार असतात, भात अजून दुधात असतं, तेव्हा हिची कणसं पिकून काळपट होतात. घरातलं जुनं धान्य तळाला गेलेलं असतं, त्याच दिवसांत ही हाताशी येते. आईने आम्हा दोघी बहिणींना लग्नात भांडी दिली ती केव्हाच फुटली, पण हिचं बी दिलं ते दोघींनी राखलं. पाड्यातल्या बाकी घरांतून ती गेली. कोणी उशिरा पिकणारी गरवी लावली, कोणी विकतचं बी आणलं, कोणी वीटभट्टीला जायला लागले आणि माळ पडीक राहिला. जामसरला माझ्याकडे आणि पोशेऱ्यात धाकटीकडे, एवढीच उरली. म्हणून मी मॅडमला पहिल्याच दिवशी म्हटलं, "तीन नंबरला जप गं."

"आजी, मला सगळे वाफे सारखे," ती म्हणाली.

"तुला असतील. मला नाहीत."

तिने दोघींना एकसारख्या वह्या दिल्या. रकाने आखलेले. तारीख, वाफा, काम, वजन, आणि शेवटी रुंदसा एक रकाना, त्यावर लिहिलेलं 'शेरा'. म्हणाली, "आजी, आकडा एकटा मुका असतो. तो कुठून आला, कोणी मोजला, कशाने मोजला, त्या दिवशी वेगळं काय घडलं, हे सगळं शेऱ्यात लिहा. आमच्याकडे त्याला मेटाडेटा म्हणतात. उद्या मी नसले, तुम्ही नसलात, तरी परक्या माणसाला वही वाचून सगळं कळलं पाहिजे."

"मी नसले म्हणजे? तुझी तीन वर्षं तरी मला देतेस ना?"

ती बिचारी लाजून लाल झाली. मग मीच तिला समजावलं की मला कळलंय. सोयरीक घेऊन कोणी दारात आलं तर आपण नुसतं पोराचं नाव ऐकून थांबतो का? गाव कुठलं, मामा कोणते, आधी कुठे बोलणी झाली होती का, सगळं विचारतो. आकड्याचंही तसंच करायचं. मॅडम म्हणाली, "अगदी तसंच, आजी. आमच्या सरांनाही इतकं सोपं सांगता येत नाही."

झालं! एवढं कौतुक पुरलं मला. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहीतच सुटले. 'वाफा पाच. शेळी शिरली. कडेच्या दोन ओळी खाल्ल्या. शेळी शेजारणीची. भांडण झालं नाही.' 'वाफा एक. वारा. नागली आडवी झाली, दोन दिवसांनी आपली आपण उठली.' 'वजन केलं मोठ्या टोपलीसकट, कारण छोटी टोपली सुनेने अंडी ठेवायला नेली.' मॅडमला तो टोपलीचा शेरा फार उपयोगी पडला. धाकटीने तिकडे टोपली वगळून तोललं होतं, मी टोपलीसकट. नुसते आकडे बघितले असते तर जामसरची माती पोशेऱ्यापेक्षा फारच सुपीक ठरली असती. मॅडमने टोपली तोलली, तेवढं वजा केलं, आणि माझी माती पुन्हा होती तशी झाली.

धाकटीची वही मात्र बघण्यासारखी. तिचा नवरा मोखाड्याला तहसील कचेरीत क्लार्क होता, आता घरीच असतो. त्याने तिला शिकवलं की सरकारी कागदावर रकाना मोकळा सोडायचा नाही, काही नसेल तर 'निरंक' लिहायचं. तिने तीन वर्षं प्रत्येक ओळीत, सुरेख अक्षरात, निरंक लिहिलं. शेरा निरंक, निरंक, निरंक. आणि माझी वही बघून मलाच म्हणते, "ताई, ही वही आहे का तुझा ओटा? शेळी काय, अंडी काय! कोणी बघितलं तर माहेरची लाज जाईल."

"तुझ्या वावरात तीन वर्षांत काहीच घडलं नाही होय?"

"घडलं. पण ते लिहिण्यासारखं नव्हतं."

तिसऱ्या वर्षीची झोडणी उरकली आणि दिवाळीनंतर मॅडम आली. मी गरम भाकरी टाकली, वर लसणाची चटणी. दोन भाकऱ्या खाणारी पोर, अर्धीवर थांबली. मी म्हटलं, "मिरची जास्त झाली का गं?" तर मान हलवून म्हणाली, "आजी, तीन नंबर यादीत राहत नाही."

मला आधी कळेचना. मग तिने दोन्ही वह्या उघडून दाखवल्या. तिन्ही वर्षं, दोन्ही गावांत, सगळ्यांत कमी वजन तीन नंबरचं. सरांचं म्हणणं, एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण दोन गावांत तीनदा सारखंच येतंय म्हणजे वाणच तसा. पंधरा दिवसांत यादी पक्की व्हायची होती.

"पण मला पटत नाही," ती म्हणाली. "फुलोऱ्यात मी स्वतः कणसं मोजली होती. तीन नंबरमध्ये भरपूर होती. मग दाणे गेले कुठे? उंदीर? पाखरं?"

"पाखरं सगळ्याच वाफ्यांवर बसतात. आईच्या नागलीवरच कशी बसतील?"

"तेच तर."

खरं सांगते बाय, मला हुंदकाच आला. माझ्या कणगीतलं बी मी राखीनच, पण मी किती दिवस? सून म्हणते, गरवी लावू, दाणा जास्त येतो. धाकटीचे दोन्ही पोरगे ठाण्याला. आम्ही दोघी गेलो की आईची नागली संपली, हे मला तिथेच, चुलीपुढे कळलं.

मॅडम हात धुवायला उठली. चुलीच्या वरच्या बाजूला आमचा देवाचा कोपरा. तिथे कणसांची जुडी टांगलेली. ती सहज म्हणाली, "आजी, ही कणसं कसली?"

"कणसरीची." तुला ठाऊक आहे, मॅडमला नव्हतं, म्हणून तिला सांगितलं की कणसरी म्हणजे आमची धान्याची आई. नवं पीक आलं की पहिली पाच कणसं तिची. ती तिच्यापुढे ठेवल्याशिवाय घरात कोणी नवा दाणा तोंडात घालत नाही.

"कुठल्या वाफ्यातली ही?"

"तीनच्या. दुसऱ्या कुठल्या असणार? पहिली तीच पिकते."

"वजन करायच्या आधी काढलीत?"

"मॅडम, देवीचं कोणी तोलतं का गं?"

ती ओल्या हातांनीच खाली बसली. "पाचच काढलीत ना?"

"माझ्या घरची पाच. बाकी घरांची वेगळी."

"बाकी घरांची म्हणजे?"

म्हणजे काय ते मी सांगितलं. पाड्यात ज्याची नागली आधी पिकते, त्याने प्रत्येक घराला पाच कणसं द्यायची, म्हणजे सगळ्यांचं नवं खाणं एका दिवशी होतं. कोणाची देवी उपाशी राहत नाही. आणि हळवी माझ्याकडेच उरली असल्यामुळे दरसाल सगळा पाडा माझ्याच दारात. तिकडे पोशेऱ्यात धाकटीच्या दारात. अंगणाएवढ्या वाफ्यातून घरटी पाच कणसं गेली, तर टोपलीत उरणार किती?

मॅडम हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "आजी, तुम्ही शेळीने खाल्लेल्या दोन ओळी लिहिल्यात, आणि हे नाही लिहिलंत?"

"शेळीने खाल्लं ते नुकसान. हे कुठे नुकसान आहे? हे आपलं नव्हतंच."

मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. देवीचा वाटा पिकात धरायचाच नसतो, मग तो गेला असं कसं लिहायचं? धाकटीच्या निरंकावर मी हसत होते, आणि माझ्या मनात तेवढीच एक जागा निरंक होती.

मॅडमने माझी वही पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. आणि सापडलं! पहिल्याच वर्षी मी लिहिलं होतं, 'आज नवं झालं. एकतीस घरी कणसं दिली. खालच्या आळीतलं एक घर राहिलं, उद्या देणार.' दुसऱ्या दिवशी, 'राहिलेल्या घरी दिली.' दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही तसंच, घरं मोजून. फक्त कुठल्या वाफ्यातून, हे लिहिलेलं नव्हतं. मॅडमने कपाळाला हात लावला. "मी हे तीन वर्षं वाचतेय. मला वाटलं आजी गप्पा मारतायत."

"मारत होतेच," मी म्हटलं. "पण वाफ्याचा नंबर घालून मारायला हव्या होत्या."

लगेच सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आजी, हे वहीत त्या वेळी लिहिलेलं आहे, की आता आठवून सांगताय?"

"जामसरचं लिहिलेलं आहे. घरंसुद्धा मोजलेली आहेत."

"आणि पोशेऱ्याचं?"

मॅडमने धाकटीची वही उलटून बघितली. पोशेऱ्याचं निरंक.

"आठवणीवर मला सही करता येणार नाही," सर म्हणाले. मला राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता. उद्या मीच कोणाला सांगितलं की माझ्या आठवणीत नागली छातीएवढी वाढायची, तर ते लगेच लिहून घ्यायचं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी निघालो. जव्हारला गाडी बदलली, मोखाड्याला उतरलो, तिथून जीपने पोशेऱ्याला. धाकटी अंगण सारवत होती. तिला सगळं सांगितलं तर तिने आधी मॅडमच्या हातातली आपली वही ओढून छातीशी धरली. "माझी वही स्वच्छ आहे. यांनी स्वतः तपासलीय."

"स्वच्छ आहे म्हणूनच आईची नागली जातेय," मी म्हटलं.

तशी तिने वही ओट्यावर ठेवली. मग मॅडमकडे वळून हळूच म्हणाली, "पण देवीचं तोलायचं कसं? मी नाही तोलणार. यादी गेली तरी चालेल." आणि ह्यात मीही तिच्याच बाजूची होते. मॅडमनेही आग्रह केला नाही, त्याबद्दल मी तिला मानते.

वाट धाकटीनेच काढली. हातातला शेणाचा बोळा तसाच, आणि म्हणाली, "घरटी पाचच कणसं जातात ना? मग देवीच्या कणसांना हात लावायचा नाही. त्याच वाफ्यातली, तशीच दुसरी पाच काढायची आणि ती तोलायची. घरं किती ते तर पाड्यात शेंबडं पोरही सांगेल. तेवढ्यांनी गुणायचं. देवीचं काय जातंय त्यात?"

मॅडमने टुणकन उडी मारली आणि सारवलेल्या अंगणात तिच्या पायांचे ठसे उठले. धाकटी एरवी जगबुडी झाल्यासारखी ओरडली असती. त्या दिवशी नुसती हसली.

सरांनी ते मान्य केलं. यादी बाकी पाच वाणांची पक्की केली आणि तीन नंबरपुढे लिहिलं, एक हंगाम थांबा. तेवढ्यावर आम्ही दोघींनी तो पावसाळा काढला. पालापाचोळा पसरून राब भाजला, त्यात रोपांची दाढ टाकली, रोपं उपटून आवणी केली, आणि शेऱ्याचा रकाना कसा भरला म्हणून सांगू! धाकटीला तर इतकी गोडी लागली की तिला रकाना पुरेना, मागच्या पानावर लिहायची. नंतर तिची वही मी चाळली. एका ठिकाणी लिहिलेलं, 'ताई आली होती. फार बोलली. वाफा कोणताही नाही.' बघ आता! नवं झालं त्या दिवशीचा तिचा शेरा मात्र सरांनी बाकी पोरांना वाचून दाखवला म्हणे. 'वाफा तीन. तोलण्याआधी देवीसाठी कणसं काढली, घरटी पाच. ती तोललेली नाहीत. शेजारची तशीच पाच तोलली, वजन शेजारच्या रकान्यात. काढणारी मी. पाऊस नव्हता.' एवढंच. पण परका माणूस आला तरी त्याला काही विचारावं लागणार नाही.

आणि नागली? पहिली नाही आली गं. माझं मन म्हणत होतं पहिली येईल. सहांत चौथी आली. मी जरा हिरमुसले, पण मॅडमने आणखी एक रकाना दाखवला, लावल्यापासून कापेपर्यंत किती दिवस लागले त्याचा. त्यात आईची हळवी सगळ्यांच्या पुढे, आणि तीही बऱ्याच पुढे. सरांनी तिला यादीत घेतलं. फोनवर मला म्हणाले, "आजी, तुमच्या देवीने आमचा एक हंगाम खाल्ला." मी म्हटलं, "खाल्ला नाही, राखला." मग दोघंही हसलो.

आता या वर्षी राब भाजून झालेत आणि बियाणं न्यायला आजूबाजूच्या पाड्यांतल्या बायका माझ्याकडे येतात. प्रत्येकीला पुरचुंडीबरोबर एक कार्ड द्यायचं ठरलंय. बी कोणाचं, कुठल्या मातीत लावलेलं, कधी कापलं, किती दिवसांत आलं, आणि खाली एक ओळ, 'पहिली कणसं देवीला गेली, ती वजनात धरून घेतली आहेत.' कार्डं मीच लिहिते. पण बोटं आता दुखायला लागली आहेत आणि अजून ढीगभर कार्डं बाकी आहेत. धाकटीला बोलवावं तर ती प्रत्येक कार्डावर माझ्या चहाबद्दल शेरा मारेल. तुझं अक्षर बरं आहे. पेरणीला थोडेच दिवस राहिलेत, बायका थांबायच्या नाहीत. येत्या रविवारी ये, दोन दिवस राहायच्या तयारीने ये, आणि एसटीची घाई घेऊन येऊ नकोस. मी वाट बघते.